मुंबईचे शेअरवेड आणि ओल्या सरपणाचा धूर

मुंबईच्या इतिहासात १८६१ ते १८६५ या कालखंडाला ‘शेअरवेड’ असे नाव पडले आहे. नाव समर्पक आहे, पण त्याने एक नुकसान केले आहे. एखाद्या गोष्टीला वेड म्हटले की तिच्यात विचार असा नव्हताच, असे आपण धरून चालतो. मग इतिहास लिहिणाऱ्याचे काम फार सोपे होते. लोक लोभी झाले, लोभाने आंधळे झाले आणि खड्ड्यात पडले, एवढे लिहिले की प्रकरण संपले. पण श्रोतेहो, लोभ हा काही १८६१ साली आगबोटीतून मुंबईस उतरलेला नव्हता. तो १८५० साली होता आणि १८७० सालीही होता. शिवाय त्या वेळी बुडाले ते भोळेभाबडे लोक नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या हुंड्यांची पारख करणारे सराफ त्यांत होते. इंग्रजी शिकलेले डॉक्टर आणि वकील होते, सरकारी अधिकारी होते, पाद्री होते. प्राचीन शिलालेखांतील एकेक अक्षर तपासून पाहणाऱ्या डॉ. भाऊ दाजी यांच्यासारख्या चिकित्सक बुद्धीच्या पुरुषालाही त्या लाटेची झळ लागली. ही माणसे विचार करीत होती, हिशेब करीत होती आणि एकमेकांना कारणे देऊन पटवीत होती. त्यांच्या युक्तिवादात नेमके कोठे बिघडले होते, एवढाच आजचा विषय आहे.

तो हाती घेण्यापूर्वी आपल्या न्यायशास्त्रातील एक जुने उदाहरण आठवावे लागते. ‘जेथे धूर तेथे अग्नी’ हे आपणा सर्वांना पाठ आहे. पण ते उलटे करून ‘जेथे अग्नी तेथे धूर’ असे कोणी म्हटले तर? ऐकताना खरेच वाटते. आपल्या स्वयंपाकघरांतून शतकानुशतके अग्नी आणि धूर बरोबरच नांदले आहेत. परंतु तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे आणि धूर मात्र नाही. नैयायिक म्हणतात, अग्नीबरोबर धूर येतो तो सरपण ओले असेल तर. या ओल्या सरपणाला त्यांनी ‘उपाधी’ असे नाव दिले. उपाधी म्हणजे विधानात न उच्चारलेली, पण जिच्यावाचून विधान उभे राहत नाही अशी अट. आता गंमत अशी की, ‘सरपण सदैव ओलेच असते’ असे चुलीपुढे बसलेली कोणतीही बाई म्हणणार नाही. विचारले तर ती हसेल. तरीही अग्नी पाहून धुराची खात्री धरताना आपण नेमके तेच मानलेले असते.

आता मुंबईकडे वळू. एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेच्या उत्तर व दक्षिण संस्थानांत यादवी युद्ध जुंपले. इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातील गिरण्यांना लागणारा सुमारे तीनचतुर्थांशाहून अधिक कापूस दक्षिणेकडील संस्थानांतून जात असे. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे कोंडली आणि तो कापूस अडकला. गिरण्या बंद पडू लागल्या, मजूर उपाशी मरू लागले, आणि इंग्लंडची नजर हिंदुस्थानच्या कापसाकडे वळली. तोवर लँकेशायरचा विणकर या ‘सुरती’ कापसाला नाक मुरडीत असे. त्याचा धागा आखूड आणि त्यात कचरा फार. पण दुष्काळात कोंड्याचीही भाकरी गोड लागते. गुजरात, खानदेश, वऱ्हाड, धारवाड येथून मिळेल तेवढा कापूस मुंबईच्या धक्क्यावर येऊ लागला. लोकांनी गाद्या-उशा उसवून आतला जुना कापूस विकला असेही सांगतात.

या व्यापाराचे मान कसे बदलले ते दोन आकड्यांवरून कळेल. १८६०-६१ साली हिंदुस्थानातून परदेशी गेलेल्या कापसाची किंमत त्या काळच्या रुपयांत सुमारे सात कोटी होती. १८६४-६५ साली ती सुमारे साडेसदतीस कोटींवर गेली. वजन त्या मानाने फारच थोडे वाढले होते. वाढला होता तो भाव. म्हणजे हा पैसा आपल्या शेतांनी अधिक पिकवल्याचा नव्हता, दुसऱ्या कोणाची तरी शेते बंद पडल्याचा होता. हा फरक पुढे फार महागात पडणार होता, पण पैसा हातात खुळखुळत असताना तो कोठून आला हे कोण विचारतो? तो सोन्याचांदीच्या रूपाने प्रत्यक्ष येत होता, आणि आलेल्या पैशाला काम हवे होते.

म्हणून कंपन्या निघाल्या. जानेवारी १८६५ मध्ये मुंबईत ३१ बँका, १६ ‘फायनान्शियल असोसिएशने’, ८ जमिनीच्या कंपन्या, कापूस दाबण्याच्या १६ प्रेस कंपन्या, १० जहाजी कंपन्या आणि २० विमा कंपन्या होत्या. यांतील ‘फायनान्शियल असोसिएशन’ ही चीज जरा समजावून सांगितली पाहिजे. तिचा मुख्य धंदा म्हणजे इतर कंपन्यांच्या शेअरांच्या तारणावर पैसे उसने देणे. म्हणजे शेअरांच्या भावावर जगणारी ही शेअरांचीच कंपनी. या सर्व हालचालींच्या मध्यभागी प्रेमचंद रायचंद हे सुरतेहून आलेले तरुण दलाल होते. वय अवघे तिशीचे, इंग्रजी चांगले, आणि बातमी आधी मिळवण्याची हातोटी विलक्षण. विलायतेची डाक बंदरात शिरण्यापूर्वीच त्यांची माणसे होडीने जाऊन लिव्हरपुलचे भाव घेऊन येत, अशी त्यांची ख्याती होती. सर दिनशा वाच्छा यांनी तरुणपणी हे सारे पाहिले होते आणि १९१० साली त्यावर एक पुस्तक लिहिले. शेअर मिळावेत म्हणून प्रेमचंदांच्या दारी जी गर्दी होई तिचे वर्णन त्यांनी केले आहे.

परंतु मला गर्दीपेक्षा युक्तिवादात अधिक रस आहे, आणि त्यासाठी सर्वांत गाजलेली कंपनी घेऊ. ती म्हणजे ‘बॅक बे रेक्लमेशन कंपनी’. कुलाब्यापासून मलबार टेकडीच्या पायथ्यापर्यंत जो समुद्राचा बाक आहे त्यात भराव घालून जमीन काढावयाची, त्यातील काही आगगाडीला द्यावयाची आणि उरलेली घरांसाठी विकावयाची, ही योजना. तिचे समर्थन थोडक्यात असे होते. मुंबई हे बेट आहे, जमीन मोजकी आहे. व्यापार वाढतो आहे, माणसे येत आहेत. कोटातील जागेचे भाव दरसाल चढत आहेत. बडोद्याच्या रेल्वेला शहरात यावयाचे आहे आणि तिला किनाऱ्याची जागा हवी आहे. म्हणून नवी जमीन काढली तर ती चढत्या भावाने विकली जाईल, आणि म्हणून या कंपनीचा शेअर आज कितीही महाग घेतला तरी स्वस्तच आहे.

यातील एकही विधान खोटे नाही, हे ध्यानात घ्या. बेट होते, गर्दी होती, भाव चढत होते, रेल्वे येणार होती. १८६४ च्या खानेसुमारीत मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. कोणाही शंकेखोराला हा आकडा दाखवला की तो गप्प बसे. खोटी विधाने असलेला युक्तिवाद पकडणे सोपे असते. येथे प्रत्येक वीट पक्की होती आणि तरीही भिंत कोसळली, म्हणून हे उदाहरण मोलाचे.

आता यातली न उच्चारलेली विधाने बाहेर काढून पाहू. पहिले असे: ‘ज्या कारणाने आज पैसा येतो आहे ते कारण जमीन विकून होईपर्यंत टिकेल.’ समुद्र बुजवावयास वर्षे लागणार. त्यानंतर रस्ते, मग विक्री. तोवर लोकांच्या हाती जमीन घेण्याइतका पैसा असला पाहिजे, आणि तो पैसा कापसाच्या भावातून येत होता. कापसाचा भाव युद्धातून येत होता. म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकात अमेरिकेचे नाव कोठेही नसले तरी तिची सारी इमारत व्हर्जिनियातल्या रणांगणावर उभी होती.

दुसरे विधान अधिक सूक्ष्म आहे. ‘आज एक वार जागेला जो भाव येतो तोच लाखो वार जागेलाही येईल.’ कोटातली जागा महाग होती, कारण ती थोडी होती. ती थोडी आहे हे कारण दाखवून पुष्कळ जमीन काढावयाची, आणि किंमत मात्र थोडेपणाची धरावयाची! आणि ही एकच कंपनी नव्हती. माझगावला एक कंपनी भराव घालीत होती, कुलाब्याला एक होती, मोदी बेवर एल्फिन्स्टन कंपनी होती, गव्हर्नर फ्रिअर साहेबांच्या नावाची एक होती. प्रत्येकीने आपला हिशेब जणू बाकीच्या नाहीतच असा मांडला होता. मंडईत एका माळणीने आज मेथीला भाव आहे म्हणून उद्या दहा जुड्या अधिक आणाव्या हे ठीक आहे. सगळ्याच माळणींनी तसे केले तर संध्याकाळी मेथी गुरांना घालावी लागते. हे आपल्या प्रत्येकाच्या घरातल्या बाईला कळते. ते मुंबईच्या धनिकांना कळत नव्हते असे मी म्हणणार नाही; त्यांनी ते विधान कागदावर मांडून पाहिले नव्हते.

एक साधा गुणाकार करून पाहू. कंपनीचे शेअर दोन हजार, आणि प्रत्येकावर भरलेली रक्कम पाच हजार रुपये. या पाच हजारांच्या शेअरला भराच्या काळात पन्नास हजारांपर्यंत अधिक भाव बोलला गेला. दोन हजारांना पन्नास हजारांनी गुणले तर दहा कोटी रुपये होतात. युद्धापूर्वी साऱ्या हिंदुस्थानचा एका वर्षाचा निर्यात कापूस सात कोटींचा होता, हे आपण पाहिलेच. म्हणजे अजून पाण्याखाली असलेल्या चिखलाची किंमत देशातल्या वर्षाच्या कापसाहून अधिक ठरली होती. हा गुणाकार शाळेतल्या मुलाला येतो. पण शेअर घेणारा माणूस दोन हजारांनी कधी गुणीत नाही. तो आपल्या एका शेअरचाच भाव पाहतो, कालच्यापेक्षा आज चढला का, एवढेच.

येथे आणखी एक आधार लोक देत, तो म्हणजे सरकारचा. मुंबई सरकारने या कंपनीचे ४०० शेअर स्वतः घेण्याचे ठरवले होते. वरच्या हिंदुस्थान सरकारने त्यास मंजुरी नाकारली. तेव्हा ते शेअर जाहीर लिलावाने विकले गेले, आणि त्यांचे एक कोटीहून अधिक रुपये आले. आता ही हकीकत दोन तऱ्हांनी वाचता येते. वरिष्ठ सरकारने हात आखडता घेतला, तेव्हा काही धोका असावा, असे एकाने म्हणावे. दुसऱ्याने म्हणावे की पहा, लिलावात एवढी किंमत आली, म्हणजे मालात दम आहे. मुंबईने दुसरे वाचन केले. भाव हाच लायकीचा पुरावा, हे तिसरे छुपे गृहीत. एखाद्याने शेअरला चढा भाव का दिला, तर उद्या दुसरा त्याहून चढा देईल म्हणून. तो का देईल, तर तिसरा देईल म्हणून. शेवटी जमीन कोण विकत घेईल याकडे या रांगेतल्या कोणाचेच लक्ष नव्हते.

आता बँकेकडे पाहू, कारण खरा अपराध तेथे घडला असे माझे मत आहे. बँक ऑफ बॉम्बे ही १८४० साली स्थापन झालेली, सरकारचे शेअर आणि सरकारनियुक्त संचालक असलेली प्रतिष्ठित बँक. शेअरांच्या तारणावर कर्ज देण्यास तिला पूर्वी बंधन होते. १८६३ च्या दहाव्या कायद्याने तिची नवी घटना झाली आणि ते बंधन सैल झाले. बंधन घालणारे जुने लोक काय समजून होते? त्यांची समजूत अशी की, तारणाची किंमत कर्जावर अवलंबून नसावी. सोने तारण ठेवले तर बँकेने कर्ज दिले वा न दिले, सोन्याचा भाव फारसा बदलत नाही. पण शेअरचे तसे नाही. बँक शेअरावर कर्ज देते, त्या कर्जाने माणूस आणखी शेअर घेतो, म्हणून शेअरचा भाव चढतो, आणि चढलेल्या भावावर बँक आणखी कर्ज देते. बँकेला विचारले, कर्ज सुरक्षित आहे काय? ती म्हणे, तारणाचा भाव कर्जाच्या दुप्पट आहे. तारणाचा भाव दुप्पट कशाने झाला? बँकेच्या कर्जाने. आपल्याच सावलीवर पाय ठेवून उंच होण्याचा हा प्रकार. ‘तारण कर्जापासून स्वतंत्र आहे’ हे वाक्य बँकेच्या कोणत्याही ठरावात लिहिलेले नव्हते, पण प्रत्येक ठराव त्याच वाक्यावर उभा होता.

मग इशारे मिळाले नव्हते काय? मिळाले होते, आणि फार स्पष्ट मिळाले होते. १८६४ च्या पावसाळ्यानंतर अमेरिकेत तह होणार अशा नुसत्या वावड्या उठल्या, आणि लिव्हरपुलात कापसाचे भाव धडाधड उतरले. तेथील काही पेढ्या बसल्या. डाकेने ही बातमी मुंबईस येण्यास सुमारे महिना लागे. पण ती आली. तह झाला नाही, भाव पुन्हा थोडे सावरले, आणि मुंबईने त्यातून धडा काय घेतला? की भाव पडले तरी पुन्हा सावरतात! खरा धडा अगदी उलट होता. नुसत्या वावडीने एवढे होते, तर प्रत्यक्ष तहाने काय होईल? लँकेशायरचे गिरणीवाले या बाबतीत अधिक सावध होते. हिंदुस्थानात रस्ते करा, कापसाचे मळे काढा, असा त्यांना आग्रह होत असे. त्यांनी स्वतःचा पैसा त्यात फारसा घातला नाही, कारण युद्ध संपले की अमेरिकेचा लांब धाग्याचा कापूस परत येणार हे ते धरून होते. त्यांच्या स्वार्थीपणाला आपण नावे ठेवू, पण त्यांचा तर्क पक्का होता.

येथे या सगळ्या प्रकरणाच्या गाभ्याशी आपण येतो. १८६४ साली टाउन हॉलसमोर उभ्या असलेल्या कोणत्याही दलालाला थांबवून विचारले असते, ‘शेठजी, अमेरिकेतली लढाई कायम चालेल काय?’ तर तो म्हणाला असता, ‘छे, लढाई कधी कायम चालते काय?’ एकही माणूस लढाई अखंड चालेल असे मानीत नव्हता, आणि तरी साऱ्या शहराचा व्यवहार ती अखंड चालेल या अटीवर चालला होता. छुपे गृहीत म्हणजे अज्ञान, असा आपला समज असतो. तो बरोबर नाही. ज्याचे ज्ञान नाही त्याला शोधावे लागते; पण येथे ज्ञान होते. ते मनाच्या एका कप्प्यात होते आणि हिशेब दुसऱ्या कप्प्यात होता. उघड विचारले असता जे आपण नाकारू, तेच आपला निष्कर्ष गुपचूप वापरीत असतो. म्हणून व्यापारी युक्तिवादात ‘हे खरे आहे काय?’ असे विचारून पुरत नाही. ‘याच्या उलट झाले तर हा निष्कर्ष उरेल काय?’ असे विचारावे लागते. लढाई उद्या थांबली तर बॅक बेचा शेअर पन्नास हजारांचा राहील काय? एवढा एक प्रश्न मोठ्याने विचारला असता तरी कप्पे एकत्र आले असते. तो कोणी विचारला नाही असे नव्हे. विचारणाऱ्याला भित्रा ठरवण्यात आले, आणि तेजीच्या बाजारात भित्र्या माणसाकडे कोण पाहतो?

९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचा सेनापती ली शरण गेला. बातमी मुंबईस पोचताच कापूस कोसळला, आणि त्याबरोबर शेअर. आता आणखी एक फास होता. पुष्कळसे व्यवहार रोखीचे नसून मुदतीचे होते. आज भाव ठरवावयाचा, पैसे व शेअर पुढच्या ठरलेल्या दिवशी द्यावयाचे. अशा शेकडो सौद्यांची मुदत १ जुलै १८६५ ही होती. तेजीत असताना ती तारीख फार दूर वाटली होती. ती आली तेव्हा घेणाऱ्याजवळ पैसे नव्हते, आणि देणाऱ्याजवळच्या कागदाला किंमत नव्हती. दिवाळ्यांची इतकी रांग लागली की नेहमीच्या न्यायालयास तो भार झेपेना, आणि त्याच साली त्यासाठी अठ्ठाविसावा कायदा करावा लागला. प्रेमचंद रायचंद बुडाले. तरुण जमशेटजी टाटा त्या वेळी विलायतेत होते. त्यांच्याजवळच्या हुंड्या पाहता पाहता निर्जीव झाल्या. बँक ऑफ बॉम्बे काही काळ रखडली आणि १८६८ साली तिचा कारभार गुंडाळला गेला. भांडवलाचा बहुतेक भाग बुडाला होता. सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली कमिशन बसले, आणि त्याने १८६३ च्या कायद्याने मिळालेल्या अधिकारांच्या दुरुपयोगाकडे बोट दाखवले.

आणि ती लोकसंख्या? १८७२ साली पुन्हा खानेसुमारी झाली तेव्हा मुंबईत ६,४४,४०५ माणसे होती. आठ वर्षांत पावणेदोन लाख माणसे कमी! १८६४ चा आकडा खोटा नव्हता. भरतीच्या ऐन क्षणी पाण्याची खूण केली होती, इतकेच.

या ठिकाणी कोणी हुशार श्रोता आक्षेप घेईल, आणि तो घेण्यासारखा आहे. तो म्हणेल, ‘अहो, पण ते लोक बरोबरच होते की! आज चर्चगेट, मरीन ड्राइव्ह, नरिमन पॉइंट ही जमीन त्याच बॅक बेतून निघाली, आणि तिच्याइतकी महाग जमीन देशात दुसरी क्वचितच असेल.’ हे खरे आहे. एल्फिन्स्टन कंपनीची मालमत्ता सरकारने १८७० साली विकत घेतली, आणि पुढे १८७३ मध्ये स्थापन झालेल्या पोर्ट ट्रस्टचा तो पाया झाला, हेही खरे आहे. पण शेअर घेणाऱ्याचा युक्तिवाद ‘ही जमीन कधीतरी महाग होईल’ असा नव्हता. त्याचा शेअर उसन्या पैशाने घेतलेला होता, आणि पैसे १ जुलैला द्यावयाचे होते. त्याच्या वाक्यात ‘केव्हा’ हा शब्द गाळलेला होता. निष्कर्ष साठ-सत्तर वर्षांनी खरा ठरला म्हणून त्याचा आधार पक्का होता असे होत नाही. १९२० नंतर सरकारने स्वतः पुन्हा बॅक बेत भराव घालण्यास घेतला, तेव्हाही महायुद्धानंतरच्या तेजीचेच भाव धरले होते. खर्च वाढला, विक्री होईना, आणि बॅरिस्टर नरिमन यांनी त्या कारभाराची लक्तरे चव्हाट्यावर मांडली. समुद्र तोच आणि गाळलेला शब्दही तोच.

मुंबईत बुडालेल्या शेठ लोकांबद्दल आपल्याला फार हळहळ वाटत नाही, आणि ते स्वाभाविक आहे. प्रेमचंद पुन्हा उभे राहिले. तेजीच्या दिवसांत त्यांनी दिलेल्या देणगीतून त्यांच्या मातोश्रींच्या नावाचा राजाबाई टॉवर १८७८ साली पुरा झाला, आणि तो आजही उभा आहे. जमशेटजी तर पुढे जमशेटजी झाले. परंतु हेच छुपे गृहीत घाट चढून देशावर आले, आणि तेथे ज्यांनी शेअर कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता त्यांना त्याची किंमत मोजावी लागली. या भागाबद्दल मला थोडे अधिक बोलावयाचे आहे, कारण शेअरवेडाच्या पुस्तकांत ते येत नाही आणि शेतकऱ्यांच्या पुस्तकांत मुंबई येत नाही.

पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात १८३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी जमिनीची मोजणी करून तीस वर्षांसाठी सारा बांधून दिला. मुंबई इलाख्यातील पुढच्या साऱ्या पद्धतीचा आरंभ तेथे झाला. तीस वर्षे पुरी झाली १८६६ साली. मुहूर्त कसा जुळला पहा! ज्या काळात कापसाचा पैसा देशभर पसरला होता, बोरघाटाचा रेल्वेमार्ग १८६३ मध्ये खुला झाला होता, रेल्वेच्या कामांवर मजुरी चढली होती आणि धान्याचे भाव पूर्वी कधी नव्हते इतके वर गेले होते, नेमक्या त्याच वर्षांच्या पाठीवर फेरआकारणीचे अधिकारी इंदापुरात आले. त्यांनी काय पाहिले? ज्वारीचा भाव दुपटीवर गेला आहे, विहिरी वाढल्या आहेत, गाड्या वाढल्या आहेत. म्हणून सारा वाढवण्यास हरकत नाही. तालुक्याचा सारा जवळजवळ निम्म्याने वाढला, आणि तो पुन्हा तीस वर्षांसाठी! त्या अधिकाऱ्यांना लोभी म्हणता येणार नाही. त्यांचा स्वतःचा त्यात एक पैचाही लाभ नव्हता. पण त्यांचा युक्तिवाद आणि बॅक बेच्या दलालाचा युक्तिवाद शेजारी ठेवून पाहिले तर जुळे भाऊ दिसतात. पाच-सहा वर्षांचा भाव तीस वर्षे टिकेल, हे न बोललेले वाक्य दोघांचेही होते. फरक एवढाच की, दलालाचे चुकले तर दलाल बुडे. सरकारी अधिकाऱ्याचे चुकले तर कुणबी बुडे.

सावकाराचेही तेच. भाव चढे होते तोवर शेतकऱ्याची पत मोठी होती. सावकाराने हात सैल सोडून कर्ज दिले, शेतकऱ्याने घेतले. लग्ने थाटात झाली, बैल घेतले गेले. सारा वाढला तो याच सुमारास. मग १८७० नंतर भाव उतरू लागले. सारा उतरला नाही, आणि चोपडीतले व्याज तर उतरतच नसते. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची चौकशी करून या वाढीव साऱ्याविरुद्ध तक्रार मांडली. सरकारने १८७४ साली ठराव केला की, फेरआकारणीत तालुक्यामागे एकंदर वाढ ३३ टक्क्यांहून अधिक असू नये. आणि त्याप्रमाणे इंदापुरासारख्या तालुक्यांना सूट मिळाली. म्हणजे चूक झाली हे सरकारने आकड्यात कबूल केले. पण कर्जाला असा ठराव लागू नव्हता. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यात सुप्याच्या बाजारी लोक जमले आणि त्यांनी सावकारांची दुकाने फोडून कागदपत्रे जाळली. पुढचे काही दिवस पुणे आणि नगर जिल्ह्यांतील गावांतून हेच चालले. बहुतेक ठिकाणी त्यांनी सावकाराच्या जिवाला हात लावला नाही. त्यांना हवे होते ते खत. खत हाती आले की ते चुलीत गेले.

दंगलींची चौकशी झाली, आणि १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. त्यातील एक कलम मला फार अर्थपूर्ण वाटते. तोपर्यंत न्यायाधीश खतावरची सही आणि आकडा पाही, आणि निकाल देई. या कायद्याने त्याला सांगितले की, कागदावर काय लिहिले आहे एवढ्यावर थांबू नकोस. मूळ रक्कम किती होती, ती केव्हा व कशासाठी दिली, त्यात व्याज किती वेळा मुद्दल झाले, हे खताच्या मागे जाऊन पहा, दोन्ही बाजूंना विचार, आणि मग हिशेब मांड.